गौसियाबीनं भरलेला चुडा

औशात लग्न ठरलं की गौसियाबीला सांगावा जायचाच. नवरीचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड हलकेच दाबायचं, गप्पा मारता मारता हिरवी बांगडी मनगटात. कधी काच फुटायची, दोघींच्याही बोटांना टोचायची. गौसियाबी रक्त पदराला पुसून पुढची बांगडी उचलायची.

यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी लातूरला तिचं रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिपॅटायटिस सी आहे."

"पर माझे डोळे कुठं पिवळे हायेत?"

"बहुतेकांचे होतच नाहीत. हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो आणि तिथंच स्वतःसारखे ढीगभर विषाणू तयार करत राहतो. वर्षानुवर्षं दुखत नाही, खुपत नाही, पण यकृतावर आतून वण पडत जातात. तुमचे अजून थोडेच आहेत. तीन महिने गोळ्या घ्या, बहुतेक सगळे बरे होतात. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा लागत नाही. रक्तात रक्त मिसळलं तर मात्र लागतो."

गौसियाबीच्या मनात शेवटचं तेवढं रुतलं. गोळ्या सुरू केल्या आणि बांगड्यांची पेटी पलंगाखाली सरकवली. आता आपल्या हातानं कुणाचा चुडा भरायचा नाही.

पण तिची जुनी गिऱ्हाईक केवळाबाई ऐकणारी नव्हती. लग्न ठरलेल्या नातीला, सृष्टीला घेऊन ती खेड्यावरून थेट दारात आली.

"काय गं, हात दुखतोय म्हणून निरोप धाडतीस? माझा चुडा तुझ्या सासूनं भरला, माझ्या सुनेचा तू. नातीच्या वेळंला मिजास आली व्हय?"

गौसियाबीचा बांध फुटला. सगळं सांगून म्हणाली, "अक्का, अल्लानं मला दिलं ते दिलं. पर लेकराला माझ्याकडून लागलं तर कुठं तोंड लपवू?"

सृष्टी म्हणाली, "खाला, तुम्ही रबरी मोजे घाला. माझ्या हातावर प्लास्टिकची पिशवी घालू. बांगडी वरून सर्रकन जाती, काच फुटतच न्हाई. मोबाईलवर दाखवतेत की."

असल्या पिशवीवाल्यांना गौसियाबी जन्मभर हसत आली होती. "मोजे घालून मला हाड कळंल व्हय?"

"न्हाई कळलं तर पोरगी बोंबलंल," केवळाबाई म्हणाली. "तिचा गळा साऱ्या गावाला ठाऊक हाय."

मेडिकलमधून मोजे आले. गौसियाबीनं पेटी बाहेर ओढली, "बिस्मिल्ला" म्हणत पहिली बांगडी उचलली. मोज्यातूनही हाड लागलं! दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवेगार झाले, एक काच तडकली नाही. सृष्टी पाया पडली तेव्हा गौसियाबीनं मोजे उतरवले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून दुवा दिली.

केवळाबाईनं लगेच आपले रापलेले, रुंद हात पुढं केले. "आता माझे भर."

"अक्का, ह्या हातांना पिशवी कुठली पुरती? तुरीचं पोतं आणा!"

तिघीही हसत सुटल्या. मग गौसियाबीनं नवे मोजे चढवले आणि पेटीतल्या सगळ्यांत मोठ्या मापाच्या बांगड्या शोधू लागली.