देखाव्यातली पवनचक्की

विजेवरची स्कूटर घेतली तेव्हा कोपरीतल्या आमच्या सोसायटीकडे मी एकच गोष्ट मागितलेली, खाली पार्किंगमध्ये चार्जिंगचा एक पॉइंट. मीटर माझा, खर्चही माझाच. सेक्रेटरी काकांनी भर मीटिंगमध्ये सांगितलं, "अगं, आपलं वायरिंग जुनं आहे, लोड झेपणार नाही. उद्या आग लागली तर?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी स्कूटरची बॅटरी काढून तीन जिने वर न्यायची आणि सकाळी पुन्हा खाली आणायची. कंबर मोडली, पण स्कूटर विकली नाही.

मग गणपती आले. त्याच पार्किंगमध्ये मांडव पडला आणि त्याच जुन्या वायरिंगवर हॅलोजन, स्पीकर, लायटिंगच्या माळा लागल्या. देखाव्याचा विषय काय, तर 'पृथ्वी वाचवा'! पुठ्ठ्याचे सोलर पॅनल आणि त्यांच्या मागे थर्माकोलची पवनचक्की, मोटरवर गरगर फिरणारी. लोक येऊन फोटो काढत होते. आगीची आठवण एकालाही झाली नाही.

तिसऱ्या दिवशी आरती झाली, प्रसाद वाटून झाला. मी बाप्पाला नमस्कार केला, पवनचक्कीचा प्लग काढला आणि त्या जागी माझ्या स्कूटरचा चार्जर लावला.

सेक्रेटरी काका धावत आले. "अगं, काय केलंस हे? पवनचक्की थांबली ना!"

"पवनचक्कीच आहे ना, काका?" मी म्हटलं. "मग वारा घाला."