दारातली हलगी

"ओ हलगीवाले, इथं बसू नका. दाराशी थांबा. पाहुणे आले की वाजवत आत आणायचं."

आम्ही सभागृहातल्या मागच्या खुर्च्यांवर नुकतेच टेकलो होतो. मी, माझा चुलतभाऊ मल्लू आणि माझी लेक रेणुका. तिघांच्या छातीवर बिल्ले. बिल्ल्यावर कन्नडात आणि मराठीत ‘स्पर्धक’ असं छापलेलं. बोलणारे गृहस्थ स्पर्धेचे संयोजक. त्यांना दोन्ही भाषा येत होत्या. आमचा बिल्ला मात्र त्यांना कुठल्याच भाषेत वाचता आला नाही.

मी उठलो. लगेच उठलो, हे सांगायला पाहिजे. माझ्यासारखा पोट सुटलेला माणूस इतक्या चपळाईनं खुर्ची सोडू शकतो, हे मलाही तेव्हाच कळलं.

"अप्पा, आपण स्पर्धेला आलाव न्हवं?" रेणुका हळूच म्हणाली.

"व्हय की. पण परीक्षक बी त्या पाहुण्यांतच हायेत. दारातच छाप पडू दे."

ही माझी अक्कल.

माझ्या बापानं गावकीचं वाजवणं सोडलं तेव्हा मी लहान होतो. तोवर हाक आली की हलगी गळ्यात अडकवायची आणि निघायचं. मयत असो, जत्रा असो, मोठ्या घरचं लग्न असो. दाराबाहेर उभं राहून वाजवायचं, दाराबाहेरच पंगत उठेपर्यंत थांबायचं, उरलंसुरलं पदरात घेऊन यायचं. एक दिवस बाप म्हणाला, बस. हलगी माळ्यावर टाकली आणि हुमनाबादेकडं वीटभट्टीवर गेला. आमच्या घरात कितीतरी वर्षं वाजलं नाही.

ती हलगी मीच खाली काढली. कामून, तर स्पर्धा सुरू झाल्या म्हणून. मला वाटलं, गाव दारात बोलावतं, स्पर्धा मंचावर बोलावते. तिथं दिवे असतात, माईक असतो, नाव पुकारतात. बापाला जे मिळालं नाही ते मी मिळवीन. भालकीला गेलो, आळंदला गेलो, बसवकल्याणला गेलो. रेणुकाला शिकवलं, तिला बरोबर घेतलं. दर ठिकाणी बक्षीस एकच. उत्तेजनार्थ. बायको म्हणायची, "किती उत्तेजन देतेत हो तुम्हाला. एवढ्या उत्तेजनात माणूस दिल्लीला चालत गेला असता."

आणि आता हे बिदर. भर दुपार. आम्ही तिघं सभागृहाच्या काचेच्या दाराबाहेर, उन्हात.

हलगीची एक गोष्ट आहे. तिचं कातडं ऊन खातं, जाळ खातं, तेव्हा ताणलं जातं. ताणलं की बोलतं. गार पडलं की मुकं होतं. म्हणून वाजवायच्या आधी आम्ही कडबा नाहीतर कागद पेटवून हलगी शेकतो. त्या दिवशी बिदरच्या उन्हानंच आमचं काम केलं. टिपरूची काडी कातड्यावर पडली की आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येत होता. गाड्या आल्या, आम्ही सुरू केलं. मल्लूनं चाल धरली, मी त्याच्यावर चढलो आणि रेणुकानं मधल्या फटीत असे काही ठोके भरले की मी तिच्याकडं बघतच राहिलो. हे मी शिकवलेलं नव्हतं. इतकं चांगलं आम्ही त्याआधी कधी वाजवलं नव्हतं.

एक परीक्षक कानात बोट घालून फोनवर बोलत आत गेले. दुसऱ्यांनी हातानं ‘हळू, हळू’ केलं, माशी हाकलावी तसं. एक बाई रेणुकाशेजारी उभ्या राहिल्या, "थोडं हस की," म्हणाल्या, फोटो काढून घेतला आणि गेल्या. दार बंद झालं. आम्ही वाजवतच होतो.

आमचा नंबर बऱ्याच वेळानं आला. आत एसी. तिथं बसून बसून कातडी सैल पडली. मी कागदाचा बोळा आणि काडेपेटी घेऊन मागच्या दारानं बाहेर निघालो. संयोजक आडवे आले.

"जाळ-बीळ चालणार नाही. धूर होतो. पाहुणे बसलेत आत."

"साहेब, लांब जाऊन शेकतो. दोन मिनिटं."

"वाद्य घरूनच तयार करून आणायला काय झालं होतं?"

मग मी हलगी तळव्यानं चोळली. काखेत धरली. मल्लूनं तर तापलेलं लेकरू धरावं तशी छातीशी कवटाळली. आमचं रूप बघून पुढच्या रांगेत हसू पसरलं. मीही हसलो. हसणाऱ्यांत सामील व्हायची सवय जुनी आहे.

मंचावर पहिला ठोका पडला आणि मला कळलं. भिजलेल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. आम्ही रेटत राहिलो. शेवटी एक परीक्षक माईकवर म्हणाले, "कलाकारांनी वाद्य जुळवून यायला हवं. नाद बसलेला होता. जोशही कमी पडला. सराव वाढवा."

मी हात जोडले. "जी," म्हणालो.

खाली उतरताना रेणुकानं विचारलं, "अप्पा, दारात वाजवलेलं त्यांनी आयकलं न्हाई का?"

मी पायरीवरच थांबलो. ऐकलं होतं की. कानात बोट घालण्याइतकं ऐकलं होतं. पण दारात वाजतं ते त्यांच्या लेखी वाजवणं नव्हतंच. तो पाहुण्यांचा मान होता. आमचं वाजवणं कुठून सुरू झालं आणि कुठं संपलं, हे तेच ठरवणार होते. आणि मी इतकी वर्षं त्यांच्याच तोंडाकडं बघत होतो.

निकाल लागला. उत्तेजनार्थ. पहिला नंबर आलेल्या पोरांशी माझं भांडण नाही. चांगली वाजवली त्यांनी. त्यांच्या हलग्या फायबरच्या, त्यांना ना ऊन लागतं ना जाळ.

आम्ही निघालो तेवढ्यात संयोजकांनी हाक मारली. "ओ हलगीवाले, विजेत्यांना गाडीपर्यंत वाजवत सोडा. व्हिडिओ घ्यायचाय."

"न्हाई," मी म्हणालो.

"काय नाही?"

"वाजवणार न्हाई."

"कामून? नंबर आला न्हाई म्हणून रुसलास काय रे?"

मघापासूनचं ‘ओ’ गेलं, ‘रे’ आलं. भाषाही घरची झाली.

"आमचं वाजवणं दुपारी दारात झालं, साहेब. तुमच्या परीक्षकांच्या म्होरं. आता पुन्हा न्हाई."

मी बिल्ला काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. रेणुकानं तिचा ठेवला. मल्लूनं ठेवला नाही.

बसस्टँडवर तो भडकला. "अण्णा, लई मोठं काम केलास. स्पर्धा सोडल्यावर आपल्याला बोलवायलंय कोण? लग्नाला डीजे हाय. पुन्हा मयतीम्होरं वाजवायचं का?"

मी आलेल्या बसमध्ये चढलो. त्याचा सवाल अजून तसाच आहे. परवा मल्लू आळंदच्या स्पर्धेला एकटाच नाव देऊन आला. जावं त्यानं. त्याची भूक खोटी नाही. त्याला मी अडवणार नाही, आणि त्याच्याबरोबर जाणारही नाही. जो वाजवत आणायला सांगतो आणि जो गुण द्यायला बसतो, ती एकच माणसं आहेत, हे मला पन्नाशीला टेकल्यावर दिसलं. बापाला ते तिशीत दिसलं होतं.

फरक एवढाच की मी हलगी माळ्यावर टाकणार नाही. ती वाजणार. ज्याला ऐकायची आहे त्यानं आमच्या गल्लीत यावं, खाली बसावं, जाळ पेटून कातडं तापेपर्यंत थांबावं. थांबायला वेळ नसेल त्याच्यासाठी माझा हात उचलणार नाही. दारात नाही आणि मंचावरही नाही.