आगाऊ आभार

लंडनजवळ पिनरमध्ये आमच्या शेजारी राहणारे इंग्रज मेजरसाहेब मला कधी कळलेच नाहीत. लष्करात शंभरेक माणसांवर हुकूम चालवलेला हा गडी निवृत्तीनंतर कौन्सिलर, म्हणजे आपला नगरसेवक, झाला, आणि कोणाचा कचऱ्याचा डबा उचलला नाही म्हणून भर पावसात दारोदार हिंडायला लागला. मी म्हणायची, अहो, या नाकासमोर चालणाऱ्या माणसाला राजकारण सुचलं कसं? आमचे हे म्हणायचे, "तुला काय करायचंय?" मला करायचंच होतं, कारण अडलेला हरी मीच होते.

गेली कित्येक वर्षं मी रविवारची मराठी शाळा चालवत होते. चर्चनं हॉल परत मागितला, तेव्हा आमच्या मराठी मंडळानं एक बंद पडलेलं दुकान शोधलं. दुकानाची शाळा करायला कौन्सिलच्या प्लॅनिंग कमिटीची परवानगी लागते आणि त्या कमिटीत मेजरसाहेब. मी कुंपणावरून विचारलं तर म्हणाले, "शाळा चांगली गोष्ट आहे. पण मी आधी सगळ्यांचं ऐकून घेईन." आता याचा अर्थ 'हो' असाच होतो ना? आपल्याकडे तर होतोच.

म्हणून दिवाळीच्या कार्यक्रमाला आम्ही त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. त्यांना कळावं म्हणून भाषण मी इंग्लिशमध्ये केलं, आणि शेवटी ठोकून दिलं, "आमच्या शाळेला जागा मिळवून दिल्याबद्दल आम्ही यांचे ऋणी आहोत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मेजरसाहेब मात्र नारळ धरून अटेन्शनमध्ये उभे, चेहरा पडलेला. मला वाटलं, शाल टोचत असेल. व्हिडिओ त्याच रात्री फेसबुकवर गेला.

कमिटीच्या मीटिंगला मी एकटीच गेले, बाकीचे कामावर. आमचा अर्ज पुकारल्याबरोबर मेजरसाहेब उठले. "या बाबतीत माझं मत आधीच ठरलंय असं लोकांना वाटू शकतं. म्हणून मी भाग घेणार नाही," असं म्हणून सरळ बाहेर गेले. पार्किंगवरून वाद झाला, मतं समसमान पडली आणि कमिटीच्या अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत विरोधात टाकलं. शाळा गेली.

कॉरिडॉरमध्ये मी त्यांना गाठलं. "अहो, तुम्ही तर आमचे!"

"मी न केलेल्या गोष्टीबद्दल तुम्ही जाहीर आभार मानलेत," ते हळूच म्हणाले. "त्यानंतर मी मत दिलं असतं तर तुमची परवानगी कोर्टात टिकली नसती."

"सत्कार झाला नसता, तर हो म्हणाला असतात?"

"ते आता मी कसं सांगू? मी ऐकलंच नाही ना काही."

डोकंच चालेना माझं. हा माणूस आमच्या बाजूचा की नाही? चिडावं तर कोणावर? बसमध्ये मला रडूच कोसळलं.

घरी येईपर्यंत कौन्सिलच्या वेबसाइटवरून बातमी माझ्याआधी पोचली होती. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती आग. "गोड बोलून गळा कापला!" "ऐन वेळी शेपूट घातलं!" "मे महिन्यातल्या निवडणुकीत दाखवू इंगा!" मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. "ताई, तुम्ही तिथे होतात. दगाच दिला ना त्यांनी?"

मला खरं काय ते माहीत होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तोंडातून निघालं, "हो ना हो. असं वाटलं नव्हतं."

मे महिन्यात मी त्यांना मत दिलं. मंडळातल्या दुसऱ्या कोणी दिलं असेल असं मला वाटत नाही. माझ्या भाषणामुळे त्यांना उठावं लागलं, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ते थोडक्या मतांनी पडले.