हिरव्यांचा गोलकीपर

फुटबॉल आमच्याकडे थंडीत खेळतात आणि किस्से उन्हाळ्यात पिकतात. ओमानमधल्या सोहारच्या उन्हात मे महिन्यापासून ग्राउंडवर पाय ठेवता येत नाही. मग खेळ बंद, तोंडं चालू! आमच्या कोकणी मंडळींच्या चार टीम आहेत. स्पॉन्सर दरवर्षी बदलतो, कधी मटणवाला, कधी टायरवाला, म्हणून नावं टिकत नाहीत. रंगावरूनच ओळखायचं. आम्ही हिरवे. लग्न करून इथे आले तेव्हापासून मी हिरवी. चटई टाकून, एक पोर मांडीवर आणि एक नजरेत ठेवून, मी एकही मॅच सोडलेली नाही. ऑफसाइड मला कळतं. बाकीच्या बायका मला विचारतात.

आमचे हे, म्हणजे रफीक, हिरव्यांचे गोलकीपर. दिवसा फॅक्टरीत फोर्कलिफ्ट चालवतात. बॉल बोटावर बसला की मला आधी फोर्कलिफ्टचं हँडल दिसतं, मग गोल.

*

गेल्या फायनलला शेवटच्या मिनिटाला पिवळ्यांचा साधा सरपटणारा बॉल आला. एवढा हळू, की आमचा सहा वर्षांचा अयान पळत जाऊन उचलू शकला असता. मी चटईवरून ओरडले, "अहो, पाय जोडा!"

ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बॉल दोन्ही पायांमधून आत!

फायनल गेली. मग आमचे कॅप्टन सलीमभाई मला म्हणाले, "भाभी, कोचिंग चांगलं होतं. फक्त प्लेअरने ऐकायला नको होतं."

*

त्यानंतर जोशी सरांनी नवीन नियम काढला. जोशी सर पुण्याचे, ह्यांच्याच फॅक्टरीच्या ऑफिसात इंजिनिअर, आमच्याकडे रेफ्री. कुणाच्याच गावचे नाहीत म्हणून सगळ्यांना चालतात. ते म्हणाले, "दर वर्षी तीच माणसं त्याच टीममध्ये, त्याच चुका. या वेळी ड्राफ्ट!"

हे घरी येऊन म्हणाले, "ऑक्टोबरात माझा ड्राफ्ट आहे."

मी म्हटलं, "बँकेचा? कितीचा?"

"अगं बँकेचा नाही. प्रत्येक टीमने थोडी माणसं ठेवायची, बाकीची सोडायची. सोडलेल्यांतून कॅप्टन पाळीपाळीने एकेकाला उचलणार."

"आणि ज्याला कुणीच उचलत नाही तो?"

हे म्हणाले, "चहा कर."

*

जुलैत ह्यांची सकाळची शिफ्ट होती आणि फोन घरी चार्जिंगला राहिलेला. स्क्रीनवर जोशी सरांचा मेसेज आला, "रफीक – रिलीज्ड. थँक्स फॉर युवर सर्व्हिस."

आता गल्फमध्ये रिलीज म्हणजे काय, हे कुणी सांगायला लागत नाही. व्हिसा कॅन्सल, सामान बांधा. अयानची शाळा, बाळाची लस, सगळं डोळ्यांसमोर आलं. रडत रडत रत्नागिरीला सासूबाईंना फोन लावला.

त्या शांतपणे म्हणाल्या, "अगो, काढलन तर काढलन. येताना खजूर घेऊन ये."

हे दुपारी आले तर हॉलमध्ये दोन बॅगा भरलेल्या. मेसेज वाचून ह्यांचा चेहरा उतरला. "कंपनीने नाही गं. हिरव्यांनी."

"अल्हम्दुलिल्लाह!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"टीममधून काढलं मला! आणि तू शुकर करतेस?"

बॅगा मी एकटीनेच रिकाम्या केल्या.

*

तेव्हापासून हे गप्प. गप्प माणूस फोर्कलिफ्टवर बसला की मी घरी घड्याळ बघत बसते. ड्राफ्टमध्ये कुणी उचललं नाही तर पुढचं वर्षभर घरात हे असंच चालणार. म्हणून प्रॅक्टिस मीच सुरू केली. हॉलमध्ये गादी टाकली, बाळ कमरेवर घेतलं आणि बॉल फेकायला लागले. हे डावीकडे धाड, उजवीकडे धाड!

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात घरमालक. वयस्कर ओमानी, आम्ही अर्बाब म्हणतो. त्यांनी ह्यांच्याकडे रागाने बघून मला विचारलं, "सिस्टर, मुश्किल? धाड धाड, हर रोज?"

मला लाजेने मेल्यासारखं झालं. "नहीं अर्बाब, मारता नहीं. गोलकीपर है!"

अर्बाबने गादीकडे पाहिलं. चपला काढल्या. डिशडाशा, तो त्यांचा पायघोळ झगा, जरा वर धरून बॉल पायाखाली घेतला आणि तीन किक मारल्या.

तिन्ही गोल!

"खलास," ते म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

*

माणसं कशी निवडतात, हेही मला त्याच उन्हाळ्यात कळलं. सलीमभाईंच्या बायकोकडे हळदीकुंकवासारखी आमची बायकांची बैठक बसते, फक्त हळदीकुंकू नसतं. आतल्या खोलीत कॅप्टन लोकांचं चाललेलं.

"तो मिडफिल्डवाला कसा आहे?"

"चांगला. त्याच्याकडे सेव्हन सीटर आहे."

"आणि तो उंच पोरगा?"

"शुक्रवारी ड्युटी असते."

"मग कसला चांगला!"

बराच वेळ कान देऊन बसले. बॉलला पाय कोण बरा लावतो, हे कुणी विचारलंच नाही. आमच्याकडे गाडी आहे, पण पाच सीटची. त्यातल्या एकीवर बाळाची खुर्ची.

*

ड्राफ्ट एका शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर. बायकांना बोलावलं नव्हतं. हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले, नोकरीच्या इंटरव्ह्यूला जातात तसे. मी घरात. भात करपला. अयान दर दहा मिनिटांनी विचारत होता, "अब्बा सोल्ड झाला?" मी त्याला ओरडले आणि मग स्वतःच ग्रुप उघडून बसले. ग्रुपवर एक अक्षर नाही.

साडेतीनला, असरच्या नमाजच्या सुमाराला दार उघडलं. हे आले ते हसतच.

"घेतलं!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "सलीमभाईंनी?"

ह्यांनी पिशवीतून जर्सी काढून झटकली. पिवळीधमक!

अयान दोन पावलं मागे सरला. "अब्बा, यू आर एनिमी!"

"दुसऱ्याच फेरीत उचललं पिवळ्यांनी," हे सोफ्यावर पाय पसरून म्हणाले. किती महिन्यांनी एवढं बोलत होते! "सलीमभाई नुसता बघत राहिला. म्हणाला, रफीक, चूक झाली माझी. मी म्हटलं, आता ग्राउंडवर भेटू."

मी चहा केला. साखर जरा जास्तच घातली. बिस्किटं ठेवली. समोर बसून सगळं पहिल्यापासून परत ऐकलं, कोण कितवा गेला, कोण चिडला, सगळं. ह्यांचा कप अर्धा झाला तेव्हा न राहवून विचारलंच.

"अहो, मग आता आपला गोलकीपर कोण?"

"कोण म्हणजे? मीच की!"

"तुम्ही नाही हो. आपला!"