गव्हाच्या दाण्याएवढा चुना

आमच्या घरचा माग चालतो तो बाबांच्या पायांवर. त्यामुळे न्हाणीत घसरून त्यांच्या नडगीचं हाड मोडलं आणि प्लास्टर काढायची वेळ आली तरी ते धड जुळेना, तेव्हा आम्ही सगळे हबकलो. बाबा पुन्हा मागावर बसतील की नाही, एवढाच प्रश्न होता.

मी नागपूरला प्रयोगशाळेत हाडांच्या पेशी वाढवते. मोडलेल्या हाडात भरायला बारीक छिद्रांचा सांगाडा करायचा, त्यावर पेशी सोडायच्या आणि कॅल्शियम कमीजास्त करून त्या कशा वाढतात ते बघायचं. एकदा फोनवर मी आईला सांगू लागले, की कॅल्शियम मिळालं की पेशी जोमानं वाढतात. पुढचं ऐकायच्या आत तिनं फोन ठेवला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण आईसाठीच असावी.

काही दिवसांनी कोंढ्याला घरी गेले, तर बाबा उलट्यांनी बेजार. सारखी तहान, बोलण्यात मेळ नाही. दवाखान्यात रक्त तपासलं, कॅल्शियम भलतंच वाढलेलं. डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या आई दुप्पट देत होती आणि वर दह्यात चुना. लोक गव्हाच्या दाण्याएवढा घेतात, हिनं बोटभर कालवलेला. मला रागही आला आणि रडूही.

"एवढं काहून देऊन राहिली होती, आई?"

"तूच त सांगतलं, हाड वाढते म्हणून. कमी पडलं असतं त?"

"सुताले खळ जास्त झाली त काय होते?"

"कडक होते. तुटते," ती म्हणाली.

मग फोनवर राहिलेलं मी सांगितलं. कमी मिळालं तर पेशी नुसत्या बसून राहतात, बेताचं मिळालं तर हाड घडवतात आणि फार झालं तर मरतात. त्या दिवसापासून मी घरी असले की आई बाबांना दूध देतानाही, एवढं चालेल ना म्हणून, माझ्याकडे बघायची. तिची दया यायची.

सलाईन लागलं, गोळ्या बंद झाल्या, बाबा सावरले. हाड मात्र आपल्या सवडीनं जुळलं, पुष्कळ महिन्यांनी. ते पहिल्यांदा मागावर बसले तेव्हा मी घरीच होते. त्यांनी मोडलेल्या पायानं खालची फळी दाबून पाहिली, पुन्हा दाबली, आणि सुतातून धोटा पळाला. आई दारातच उभी होती.

बाबा मान वर न करता म्हणाले, "तुया पेशीले मोजूनमापून भेटते, पोरी. मले तुया मायनं न मोजताच देल्लं."

आई पदर तोंडाला लावून रडू लागली.