यंदा गावाला नाही, चौकला

मे महिन्यात कुठे जायचं हा प्रश्न आमच्या घरात कधी पडतच नाही. गावाला जायचं. राजापूरच्या खाली, खाडीच्या तोंडाशी माझ्या सासऱ्यांचं गाव आहे. सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर पॉलिशचं काम केलं, पण मे महिन्यात गावाला गेले नाहीत असं एकदाही झालं नाही. यंदा होळीनंतर त्यांची अँजिओग्राफी झाली आणि डॉक्टरांनी बायपास सांगितली. अगदी उद्याच करायला हवी असं नाही, म्हणाले, पण फार लांबवूही नका, आणि तोपर्यंत लांबचा प्रवास बंद. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू."

त्या 'बघू'ने आमचा जीव टांगणीला लागला. संदेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, समजावून पाहिलं. मी समजावलं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एरवी तोंडाच्या फटकळ आहेत, त्यासुद्धा एकदा रडल्या. उत्तर एकच, बघू. घरात कुणी मोठ्याने शिंकलं तरी मी दचकून त्यांच्या खोलीत डोकावत होते.

त्यातून मला चौक सुचलं. चौक हे उत्तनच्या पुढचं कोळ्यांचं गाव. समुद्र आहे, होड्या आहेत, मासळी आहे, आणि मुख्य म्हणजे काही झालं तर आपल्या डॉक्टरकडे परत येता येतं. शेजारच्या गुजराती भाभींना सांगितलं तर त्या हसल्या. "चौक? वो तो अपने भाईंदर में ही आता है ना? छुट्टी में कोई इतना पास जाता है क्या?" मी म्हटलं, भाभी, हमको पास ही चाहिए.

वाचणाऱ्यांपैकी कुणी घरातलं आजारी माणूस घेऊन निघणार असेल तर माझी तयारी सांगते, हसू नका. जिभेखाली ठेवायची गोळी तीन ठिकाणी: माझ्या पर्समध्ये, संदेशच्या खिशात आणि अण्णांच्या शर्टाच्या वरच्या खिशात. सगळे रिपोर्ट फाईलमध्ये, शिवाय मोबाईलवर फोटो. बुकिंग करताना खोलीत नेटवर्क येतं का हे मी घरमालकिणीला इतक्यांदा विचारलं की ती म्हणाली, "बाय, तू ऱ्हायला येतेस का फोन करायला येतेस?"

अण्णांची तयारी वेगळीच होती. ते केबिन रोडवर जाऊन पाच नारळ घेऊन आले, प्रत्येक कानाशी हलवून बघितलेला. मी विचारलं, तिथे नारळ मिळत नाहीत का? ते म्हणाले, "मिळतात गो. पण पहिला नारळ घरून न्यायचा असतो. जागेवाल्याला."

ज्यांना आमच्याकडची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो. नव्या जागी गेलं की आधी त्याला नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे उभं राहून मोठ्याने त्याला सगळं सांगायचं: आम्ही कोण, कशाला आलो, काय हवंय. घरातलं वडीलधारं माणूस बोलतं आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. व्हय म्हटलं की त्या मागणीला आपलाही शब्द लागला. लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं फार गमतीचं वाटायचं.

निघालो शुक्रवारी सकाळी. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून उत्तन-चौकची बस मिळते, स्वस्त पडते आणि सकाळी बसायलाही मिळतं. आम्ही मात्र दोन रिक्षा केल्या, कारण बसमध्ये धक्के बसतील ही माझी भीती. रिक्षावाले तिकडे यायला कुरकुर करतात. "वापसी में सवारी नहीं मिलती मॅडम" हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल, तेव्हा आधीच भाडं ठरवून बसा. धक्के रिक्षातही तेवढेच बसले. मुर्धा, राई, मोर्वा अशी एकेक गावं मागे पडत गेली. एका बाजूला खारफुटी, मध्येच कोरडी पडलेली मिठागरं आणि त्यांच्या कडेला नव्या इमारतींचे सांगाडे. अण्णा बाहेर बघत होते आणि मी अण्णांकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "सूनबाई, समुद्र त्या बाजूला हाय."

घरमालकीण मार्था मावशींच्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या होत्या. खाली त्या राहतात, समोर अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले. वासाची सवय व्हायला अर्धा दिवस लागतो, नंतर काही वाटत नाही. खिडकीतून पाणी दिसतं आणि हवा स्वच्छ असली तर पलीकडचा वसईचा किनाराही. जेवण मावशी करून देतात. ताजे बोंबील, कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी, इतकं छान की मला दोन घास सुखाने खाता आले असते, पण मी अण्णांच्या ताटातल्या मिठाची काळजी करत बसले होते.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर अण्णा नारळ घेऊन निघाले, मागून आम्ही सगळे. किनाऱ्याच्या वाटेवर, खडक सुरू होतात तिथे, एक उभा दगड दिसला. लाल रंगवलेला. अण्णांचा चेहरा खुलला. "ह्यो बघा. मी बोललो ना, असणारच." चपला काढल्या, नारळ ठेवला, अगरबत्ती लावली आणि त्यांचा तो गावाकडचा आवाज लागला.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा. जागा तुझी, पाणी तुझां, आमी चार दिवसांचे पाव्हणे. काय चुकलामाकला तर पोटात घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळ्यात मोठा आवाज माझ्या लेकीचा, नऊ वर्षांच्या ईराचा.

ईराच्या अभ्यासासाठी मागून झालं, संदेशच्या नोकरीसाठी झालं. "सुनेच्या जिवाक जरा स्वस्थता दे म्हाराजा, ती झोपत नाय," हेही झालं. मी वाट बघत होते की आता ते स्वतःचं काहीतरी मागतील. ऑपरेशनचा 'ऑ' तरी काढतील. त्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं संपवलं. आईंनी माझ्याकडे बघितलं. आमच्या दोघींच्या मनात एकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना मार्था मावशींनी विचारलं, "त्या वाटंवरच्या दगडाला नारल कोनी ठेवला?" अण्णांनी अभिमानाने सांगितलं. मावशींनी पदर तोंडाला लावला. "काका, तो देव न्हाय. नलाची लाइन टाकनारे खुनेला लाल रंग लावून गेले."

ईरा हसून हसून जमिनीवर लोळली. संदेशही हसला. अण्णा नाही हसले. "म्हणजे पोचलांच नाय," एवढंच बोलले. त्यानंतर त्यांनी पाण्याकडे जायचं नावच काढलं नाही. जागेवाल्याला विचारल्याशिवाय त्याच्या पाण्यात पाय कसा घालायचा, हे त्यांचं म्हणणं. समुद्रासाठी आणलेला माणूस दिवसभर ओट्यावर बोंबील बघत बसून राहिला.

संदेश आणि ईरा चौकचा धारावी किल्ला बघून आले, मुंबईतल्या धारावीचा नव्हे. तुम्ही गेलात तर जरूर जा, वरून खाडीचं तोंड आणि समुद्र एकदम दिसतो, फक्त पाणी बरोबर न्या. मी गेले नाही. अण्णांचा हात छातीकडे गेला की मी उठायचे, आणि ते खिशातून चष्मा काढायचे. मनात वेड्यासारखं येत होतं की गाऱ्हाणं चुकीच्या दगडाला घातलं हा काहीतरी संकेत आहे. मी असल्या गोष्टी मानत नाही हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते.

तिसऱ्या दिवशी अण्णांनीच मावशींना विचारलं, "तुमच्या गावाचा राखणदार कोण मग?"

मावशी म्हणाल्या, "वरच्या अंगाला कुरूस हाय. नवी होडी पान्यात जायच्या आधी आमी तिथंच मेनबत्ती लावतो."

"अण्णा, तो क्रूस आहे, ख्रिश्चन लोकांचा," संदेश हळूच म्हणाला.

"जागा सांभाळतो ना? मग झालां." आणि मावशींकडे वळून अण्णांनी विचारलं, "नारळ चालेल?"

"ठेव की. कोन काय बोलत न्हाय."

संध्याकाळी मावशी मेणबत्ती घेऊन पुढे आणि आम्ही मागे. वाट थोडी चढणीची. मी म्हटलं, रिक्षा बोलवू या, तर अण्णा म्हणाले, "देवाच्या दारात रिक्षातून उतरू काय?" मी ऐकायला नको होतं. अर्ध्या वाटेवर त्यांचं बोलणं बंद झालं. क्रूसाशी पोचलो तेव्हा त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता. तरी नारळ ठेवला, हात जोडले, "बा देवा म्हाराजा" म्हणाले, आणि पुढचा शब्द येईना. हात छातीवर. या वेळी चष्मा नव्हता.

संदेशने त्यांना चौथऱ्यावर टेकवलं. मी पर्स उघडली आणि तीन ठिकाणी ठेवलेल्या गोळ्यांमधली एकही मला दिसेना. आईंनी त्यांच्या शर्टाच्या खिशातून पट्टी काढली, गोळी फोडली आणि जिभेखाली ठेवली. मी डॉक्टरांना फोन लावला. फोन लागला, हे नेटवर्कसाठी मावशींना छळल्याचं फळ. दुखणं थांबतंय का बघा, ते म्हणाले, थांबलं तर सावकाश आजच घेऊन या, नाही थांबलं तर जवळच्या हॉस्पिटलला लगेच न्या. मी अण्णांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. इतकी घाबरले होते की रडूही येत नव्हतं.

दुखणं थांबलं. चेहऱ्यावर रंग परत आला. संदेश रिक्षा आणायला धावणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "थांब. गाऱ्हाणां अर्धा टाकून चालत नाय." आणि उठायला लागले.

"बसा तुम्ही," आई म्हणाल्या. डोक्यावर पदर घेतला आणि क्रूसासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. मी तरी कधी बघितलं नव्हतं.

"बा म्हाराजा, माका तुझी भाषा येत नाय, चुकलां तर पोटात घे."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

"ह्यांच्या काळजाच्या नळ्या तुंबल्यात. डॉक्टरान आपरेशन सांगलान. ह्यांनी बघू, बघू करून पोरांना टांगून ठेवल्यानी. ह्यांना भ्या वाटतां, पण ते सांगायचे नाय, म्हणून मी सांगतंय. ह्यांना आपरेशन करून घेऊ दे आणि चालत घरी येऊ दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." संदेशचा आवाज फुटला होता. मावशींनी मेणबत्ती धरल्या हाताने "आमेन" म्हटलं.

आई वळल्या. "तुमचं ऐकू नाही आलं."

अण्णा चौथऱ्यावर खाली मान घालून बसले होते. गाऱ्हाण्याला व्हय म्हटलं नाही असं त्यांच्या हातून कधी झालेलं नाही, आणि व्हय म्हणून फिरवलं असंही नाही. हे आईंना पक्कं माहीत होतं. अण्णांनी चौथऱ्याला हात टेकवून मान वर केली. मग म्हणाले, "व्हय म्हाराजा."

त्याच संध्याकाळी परत आलो. एक दिवस बुडाला, मावशींनी वाळलेले बोंबील बांधून दिले. डॉक्टरांनी तपासलं आणि जरा रागावूनच विचारलं, "आता तरी ठरलं का?" अण्णा म्हणाले, "ठरलं. तिकडे बोलून झालंय." डॉक्टरांना काही कळलं नाही, पण त्यांनी तारीख दिली.

उद्या अण्णांना ॲडमिट करायचंय. बोंबलांच्या वासाने फ्रिज उघडवत नाही, ईरा सगळ्यांना लाल दगडाची गोष्ट सांगत फिरते, आणि माझी भीती होती तिथेच आहे, फक्त आता तिला काहीतरी काम मिळालंय. चौकला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. जा, पण चढणीला रिक्षा करा.

आज सकाळी अण्णा आंघोळ करून देव्हाऱ्यासमोर उभे राहिले, केबिन रोडवरून आणलेल्या नारळांपैकी एक घेऊन. म्हणाले, "तिकडे हिच्यासाठी मागायचां राहून गेला." आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, माझा काय उणाअधिक झाला, तर हिची आबाळ होव देव नको."

संदेश आणि मी कसंबसं व्हय म्हटलं. आई गप्प.

"तुझं ऐकू नाही आलं," अण्णा म्हणाले.

"नाही येणार," आई म्हणाल्या. "परत घाला. नीट घाला."

अण्णांनी आईंकडे बघितलं, मग देवाकडे. नारळ सरळ केला, घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा. पुढच्या मे महिन्यात आमका दोघांका गावाक ने."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाल्या, आमच्या सगळ्यांच्या आधी.