पायांवर पोट

बायका शेवया करायला बसल्या की शेवयांपेक्षा किस्सेच लांब होतात. माझे सगळे फुटबॉलचे.

तर एक होतं नाशिक. तिथं राहायचा एक फुटबॉलवाला, त्याची आई आणि त्याची बायको. बायको म्हणजे मी.

स्थळ आलं तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

"कारखान्याच्या टीमात फुटबॉल खेळतो," सासूबाई म्हणाल्या.

"ते झालं. काम काय करतो?"

"तेच."

"मग जेवतो काय?"

"तिघांचं जेवतो."

लग्न ठरलं.

*

देवळालीच्या कॅम्पातल्या गोऱ्यांशी मॅच असायची. आमचे अनवाणी, गोरे बुटांत. एकानं ह्यांच्या पायावर बुटाचा पाय दिला, तशा सासूबाई कुंपणाजवळून ओरडल्या, "जोडे काढून खेळ की रे, घरात कुणी वळण लावलं नाही का?"

त्याला मराठी कळेना. तरी त्यानं टोपी काढली.

*

कारखान्यात ह्यांचं नाव फिटरचं, पण ठेवलेलं खेळासाठी, तेही हंगामी. पाय चालले तर नोकरी. आणि ह्यांचा गुडघा सुजायला लागला. घरी एरंडाची पानं बांधायची, आणि साहेबानं विचारलं की म्हणायचं, "फर्स्ट क्लास!"

शेवटी साहेब म्हणाला, "गोऱ्यांना हरवा, तुला कायम करतो. नाहीतर दुसरा बघतो."

*

मॅच नेमकी खंडेनवमीला आली. त्या दिवशी हत्यारं पुजायची, आणि पुजलेलं हत्यार चालवायचं नाही. सकाळीच सासूबाईंनी ह्यांना पाटावर बसवलं.

"ज्यावर पोट चालतं ते हत्यार. सूनबाई, पायांना हळदकुंकू लाव."

मी लावलं. हातांकडे वळले, तर सासूबाईंनी हळदीची वाटीच उचलून घेतली.

"आई, आज मॅच आहे," हे रडकुंडीला आले.

"पाय आज चालवायचे नाहीत. हात कुणी पुजलेत? हातांनी खेळ."

साहेब लाल झाला, पण ऐन वेळी दुसरा माणूस कुठून आणणार? गोलकीपरला पुढं पाठवलं आणि ह्यांना गोलात उभं केलं. पळायचं नाही, गुडघ्याला त्रास नाही. आलेला चेंडू छातीशी धरायचा आणि हातानंच फेकायचा. गोऱ्यांचा एकही गोल होऊ दिला नाही. आमच्यांनी एक मारला.

साहेबानं मैदानावरच कायम केलं. वर म्हणाला, "इतके दिवस पुढं कशाला पळत होतास?"

घरी येऊन साखर वाटली. मग मी सासूबाईंना हळूच विचारलं, "आत्याबाई, सकाळी वाटी का उचललीत?"

"उद्या दसऱ्याला हळद नको?"